आपला गुण ओळखा

“मला काय येते? मी अडाणी माणूस!” असे पुष्कळ लोक म्हणतात. आपले दोष आपल्याला तोंडपाठ असतात. गुण विचारले, की आपण गप्प बसतो. पण बाबांनो, ज्याच्यात एकही गुण नाही असा माणूस नाही.

गाडगेबाबांचेच पाहा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, एका परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. त्याने गुरे राखली, वावरात कष्ट केले. शाळा काही त्याच्या नशिबी आली नाही.

मग त्याच्याजवळ होते काय? मेहनतीची लाज नव्हती. घाण दिसली, की हात स्वस्थ बसत नसे. बोलणे साधे, पण मनाला भिडणारे. आणि अंगात धीर होता. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत होती. ती मोडून त्याने गोडाचे जेवण दिले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. हेच गुण त्यांची शिदोरी झाले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून शहाणे करायचे. लोकांनी पैसा दिला, तो स्वतःसाठी ठेवला नाही. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले. शाळेत न गेलेल्या या माणसाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.

आपला गुण कसा ओळखावा? स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. कोणी न सांगता मी कोणते काम करतो?
२. शेजारीपाजारी कोणत्या कामासाठी माझ्याकडे येतात?
३. कठीण दिवसांत मला कशाने तारले?

उत्तर सापडेना, तर घरच्यांना विचारा. आपला डोळा आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याला दिसतो.

गुण सापडला, की त्याला काम द्या. एखाद्या बाईला पैशापैशाचा हिशेब राहतो. तिने बचत गटाची वही सांभाळावी. एखाद्याचे बोलणे गोड असते. त्याने धुऱ्याचे भांडण कोर्टात जाण्याआधी मिटवावे. कोणाला धीर फार. पीक बुडाले, कर्ज अंगावर आले, तर त्याने खचलेल्या शेजाऱ्याजवळ जाऊन बसावे. अशा वेळी सोबतीने माणसाचा जीवही वाचतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. भाजीत मीठ बेतानेच पडावे. काटकसर फार झाली, की कंजूषपणा होतो. स्पष्ट बोलणे फार झाले, की माणसे दुखावतात.

आज रात्री वहीत आपला एक गुण लिहा. त्याखाली उद्याचे एक काम लिहा. आणि उद्या ते करा.