विश्लेषण : विडंबन केले म्हणून व्हिडिओ गायब? कॉपीराइट नोटिशीचा गैरवापर कसा होतो?

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांत झडत्या सुरू होतात. कापसाचा भाव, पीकविमा, सावकार, पुढारी. झडती कुणालाच सोडत नाही. ज्याला टोला बसतो तोही गर्दीत उभा राहून हसतो. आता ही झडती मोबाइलवर आली आहे. गाजलेल्या गाण्याची चाल, त्यावर नवे शब्द आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ. फरक इतकाच, की इथे टोला बसलेल्याच्या हातात एक अर्ज असतो. कॉपीराइटची तक्रार भरली, की व्हिडिओ दिसेनासा होतो. ती तक्रार खरी की टीका दाबण्यासाठी केलेली, हे ठरवायला त्या क्षणी न्यायाधीश नसतो. हे कसे घडते आणि सामान्य माणसाच्या हाती काय उरते, याविषयी...

नेमके होते काय?

एक कल्पित उदाहरण घेऊ. हिंगणघाट तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने पेरलेले बियाणे उगवले नाही. त्याने बियाणे कंपनीच्या जाहिरातीची नक्कल केली. तीच चाल, तसाच डौल, पण शब्द उलटे. मागे रिकामे तास. जाहिरातीतली पाच-सात सेकंदांची दृश्येही जोडली. व्हिडिओ गावोगाव फिरला. व्हिडिओतली माहिती खोटी आहे, असे कंपनीने म्हटले नाही. तिने समाजमाध्यमाला कळवले, ‘आमच्या जाहिरातीची चाल आणि दृश्ये परवानगीविना वापरली आहेत.’ दुसऱ्या दिवशी व्हिडिओ हटला.

तक्रार कॉपीराइटची, पण दुखणे बदनामीचे. गैरवापर म्हणतात तो याला. दिवस पेरणीचे असतील तर महिनाभराने व्हिडिओ परत आला, तरी उपयोग काय? तोवर शेजारच्या शेतकऱ्याची पेरणी उरकलेली असते.

महाराष्ट्रातले गाजलेले प्रकरण कोणते?

विनोदी कलाकार कुणाल कामरा यांचा ‘नया भारत’ हा कार्यक्रम २३ मार्च २०२५ रोजी यूट्यूबवर आला. त्यात हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर राजकीय विडंबने होती. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनाचा राग येऊन शिवसैनिकांनी मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ या कार्यक्रमस्थळाची तोडफोड केली. पुढे गुन्हेही दाखल झाले. या गदारोळातच, २६ मार्चला, टी-सिरीज या संगीत कंपनीने व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा केल्याचे कामरा यांनी ‘एक्स’वर जाहीर केले.

विडंबन हा न्याय्य वापर असून आपण गाण्याचे मूळ शब्द किंवा मूळ वाद्यसंगीत वापरलेले नाही, असे कामरा यांचे म्हणणे होते. मूळ संगीतरचना वापरण्याची परवानगी घेतलेली नाही, अशी कंपनीची भूमिका होती. कायद्याने दोन्ही मुद्दे मांडण्याजोगे आहेत. ध्वनिमुद्रण आणि चाल यांचे हक्क वेगवेगळे असतात. मूळ ध्वनिफीत न वाजवता स्वतः गायले, तरी चालीवरचा हक्क शिल्लक राहतो. पण विडंबनासाठी ती चाल घेणे न्याय्य आहे का, हा प्रश्न न्यायालयापुढे जाण्याआधीच दावा लागला होता. मुद्दा तोच आहे.

बदनामीचा दावा सोडून कॉपीराइटच का?

कारण तो स्वस्त आणि झटपट आहे. बदनामी झाली म्हणून मजकूर हटवायचा, तर साधारणपणे न्यायालयात जावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी स्पष्ट केले, की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मजकूर हटवण्याची सक्ती समाजमाध्यमांवर येते. कुणाच्याही साध्या तक्रारीवर नव्हे.

कॉपीराइटला मात्र हे लागू होत नाही. टी-सिरीजची मूळ कंपनी सुपर कॅसेट्स आणि मायस्पेस यांच्यातील खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले, की कोणता मजकूर हक्कभंग करतो हे मालकाने नेमकेपणाने कळवले, तर न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तो काढावा लागतो. साहजिकच वकील, पुरावे, उलटतपासणी यांच्या फेऱ्यांपेक्षा एक अर्ज सोपा वाटतो.

समाजमाध्यमांचे गणितही तक्रारदाराच्या बाजूचे असते. व्हिडिओ ठेवला आणि तो हक्कभंग ठरला तर जबाबदारी अंगावर येते. काढला तर गावातला एक मुलगा नाराज होतो, इतकेच.

भारतीय कायद्यात विडंबनाला संरक्षण आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये अपवादांच्या यादीत ‘विडंबन’ हा शब्दच नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. विडंबनाला ‘टीका’ या दारातूनच आत यावे लागते.

ज्या कृतीची थट्टा केली तिचाच अंश घेतला असेल, तर बाजू भक्कम असते. कंपनीच्या जाहिरातीची टर उडवायला त्याच जाहिरातीचा तुकडा घेणे यात बसते. पण लोकप्रिय गाण्याची चाल घेऊन तिसऱ्याच कुणाची खिल्ली उडवली, तर ‘ही चालच का हवी होती?’ असा प्रश्न येऊ शकतो.

मराठीला विडंबन नवे नाही. आचार्य अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ १९२५ मध्ये आला. त्यात समकालीन कवींच्या शैलीची यथेच्छ थट्टा होती. तो संग्रह आज मराठीचे वैभव मानला जातो.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल महत्त्वाचा आहे. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी ‘प्रतिनाटक’ लिहिले. त्यात मूळ नाटकातली पात्रे आणि संवाद होते. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या. मूळ कृतीतून किती आणि काय घेतले, कशासाठी घेतले, आणि त्यामुळे मूळ कृतीची बाजारपेठ मारली जाते का? उद्देश टीकेचा होता, मूळ नाटकाशी स्पर्धा करण्याचा नव्हता, म्हणून चंद्रन यांच्या बाजूने कौल मिळाला.

दुसरे प्रकरण बोधचिन्हाचे आहे. ओडिशातील धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका असल्याचे सांगण्यासाठी ग्रीनपीसने ‘टर्टल व्हर्सेस टाटा’ हा ऑनलाइन खेळ काढला. टाटा सन्सने १० कोटी रुपयांचा दावा लावला. जानेवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खेळावर अंतरिम बंदी घालण्यास नकार दिला. हा खटला बदनामी आणि व्यापारचिन्हाचा होता, कॉपीराइटचा नाही. तरी कंपनीवर टीका करताना तिचे चिन्ह उपरोधाने वापरण्याला न्यायालयाने दिलेली मोकळीक इथेही उपयोगी पडते.

परदेशात काय घडले?

अशा नोटिशींची यंत्रणा मुळात अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आली. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांची कार्यपद्धती त्यावरच बेतलेली आहे.

२००९ मध्ये ‘यस मेन’ या विडंबनकारांनी अमेरिकेच्या उद्योजक संघटनेचे, यूएस चेंबर ऑफ कॉमर्सचे, खोटे संकेतस्थळ काढून हवामान बदलाबाबतच्या तिच्या भूमिकेची थट्टा केली. चेंबरने कॉपीराइटची नोटीस थेट इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीला पाठवली. परिणामी त्याच जोडणीवरची इतर अनेक संस्थांची संकेतस्थळेही काही काळ बंद पडली. त्याच वर्षी राल्फ लॉरेन या कपडे कंपनीच्या जाहिरातीत मॉडेलची कंबर संगणकावर अवास्तव बारीक केल्याची खिल्ली उडवली गेली. कंपनीने नोटिसा पाठवल्या, आणि ते चित्र आणखीच पसरले. शेवटी कंपनीलाच चूक कबूल करावी लागली.

आणखी एका खटल्यात एका आईने आपल्या नाचणाऱ्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. मागे गाणे वाजत होते, म्हणून युनिव्हर्सल कंपनीने तो हटवायला लावला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की नोटीस पाठवण्यापूर्वी हा न्याय्य वापर असू शकतो का, याचा विचार करणे मालकावर बंधनकारक आहे.

२१ दिवसांचा नियम काय आहे?

भारतीय कायद्यातली ही तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. कलम ५२ आणि कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ यांनुसार लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकूर रोखला जातो. मात्र तक्रारदारालाही अटी आहेत. हक्क आपला आहे हे त्याने दाखवायचे. हा वापर कलम ५२ च्या अपवादांत का बसत नाही, हे सांगायचे. आणि २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी द्यायची. आदेश आला नाही, तर समाजमाध्यम मजकूर पुन्हा खुला करू शकते.

‘करू शकते’ हा शब्द इथे महत्त्वाचा. करायलाच हवा, असे बंधन नाही. त्यामुळे मुदत मोजून विचारणा करण्याची जबाबदारी व्हिडिओ टाकणाऱ्यावरच येते.

यूट्यूबवर दावा आला तर काय करावे?

आधी दावा आहे की स्ट्राइक, ते पाहावे. ‘कंटेंट आयडी’ दावा बहुधा यंत्रच लावते. त्यात व्हिडिओची कमाई दुसऱ्याकडे जाते किंवा व्हिडिओ रोखला जातो. त्यावर हरकत घेतली, की दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. यूट्यूबने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०२१ च्या पहिल्या सहामाहीत असे ७२ कोटींहून अधिक दावे लागले. हरकत एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर आली. मात्र हरकत घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे बहुतेक लोक लढतच नाहीत.

स्ट्राइक अधिक गंभीर असतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले, तर चॅनेलच बंद होऊ शकते. ही भीती किती मोठी असते, हे २०२५ मध्ये दिसले. एएनआय वृत्तसंस्थेने स्ट्राइक मागे घेण्यासाठी लाखो रुपये मागितल्याचा जाहीर आरोप यूट्यूबर मोहक मंगल यांनी केला. आपण कायदेशीर हक्कच बजावत आहोत, असे वृत्तसंस्थेने म्हटले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तो वाद बातमीच्या चित्रफितींचा होता, विडंबनाचा नव्हे. पण हत्यार तेच.

स्ट्राइकला ‘काउंटर नोटिफिकेशन’ने उत्तर देता येते. त्यानंतर दावेदाराने कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो. मात्र या उत्तरात खरे नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो दावेदाराला कळतो. म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते.

पोकळ धमकी देणाऱ्यावर कारवाई होते का?

होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० नुसार निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध आपणच दावा लावू शकतो. धमकी निराधार असल्याचे जाहीर करून घेणे, ती थांबवणे आणि नुकसानभरपाई, अशा तिन्ही मागण्या करता येतात. कलम ६२ नुसार दावा लावणारा जिथे राहतो, तिथल्या जिल्हा न्यायालयातही असे प्रकरण नेता येते. म्हणजे वर्ध्याच्या माणसाने मुंबई-दिल्लीच्याच चकरा मारायला हव्यात, असे नाही. समोरच्याने वेळेत खरा दावा दाखल करून तो चालवला, तर मात्र हे कलम लागू होत नाही.

मग सगळ्याच नोटिसा खोट्या समजायच्या का?

मुळीच नाही. गावातल्या गायकाचे गाणे एखाद्या कंपनीने जाहिरातीत फुकट वापरले, तर हीच नोटीस त्याच्या कामी येते. म्हणून विडंबन करणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. मूळ ध्वनिफीत न वापरता स्वतः गावे. थट्टेला लागेल तेवढाच अंश घ्यावा. हे विडंबन आहे, कंपनीचा अधिकृत व्हिडिओ नाही, हे प्रेक्षकाला लगेच कळावे. मूळ फाइल, तारीख आणि नोटिशीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. शक्य असेल तिथे हक्क संपलेले साहित्य निवडावे. लेखक किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची कृती सर्वांची होते. सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचे लेखन याच नियमाने १ जानेवारी २००९ पासून मुक्त झाले.

कायद्यात ‘विडंबन’ हा शब्द स्पष्टपणे यावा आणि खोट्या तक्रारीला दंड असावा, ही मागणी रास्त आहे. ब्रिटनने २०१४ मध्ये विडंबनाचा वेगळा अपवाद केलाही. आपल्याकडे ते होईपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. ती आली म्हणून घाबरून व्हिडिओ स्वतःच काढून टाकला, तर खरे-खोटे कधी तपासलेच जात नाही. उत्तर देण्याची मुदत असते, ती मोजायला नोटीस आल्याच्या दिवसापासून सुरुवात करावी.