क्लबची निष्ठा, देशाची ओढ आणि शेवटची कर्जत लोकल

कर्जत, खास प्रतिनिधी

अंधेरीच्या क्रीडा संकुलातील फुटबॉल मैदानावर रात्री साडेनऊच्या सुमारास पंचांची अखेरची शिट्टी वाजते, तेव्हा मुंबईकर प्रेक्षक जल्लोषात किंवा हळहळ व्यक्त करण्यात गुंतलेला असतो. कर्जत वा खोपोलीहून आलेला प्रेक्षक मात्र त्या वेळी घड्याळाकडे पाहत असतो. आझादनगर स्थानकावरून मेट्रोने घाटकोपर गाठायचे आणि तेथून मध्य रेल्वेची लोकल पकडून दीड तासाहून अधिक प्रवास करायचा, हा त्याचा परतीचा मार्ग. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारे १०० किलोमीटरवर. खालापूर तालुक्यातील खोपोली त्याच्याही पुढे, पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी ही स्थानके ओलांडल्यावर. त्या एकेरी मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने रात्री उशिरा कर्जतला उतरणाऱ्या खोपोलीकराला उरलेले पंधरा किलोमीटर दुचाकीचाच आधार असतो.

इतकी यातायात करून हा चाहता नेमके कोणाच्या मागे जातो, आणि त्याच्या निष्ठेला कोणती हमी मिळते, हे समजून घेण्यासारखे आहे.

दोन निष्ठा, दोन वेळापत्रके

फुटबॉलमध्ये चाहत्याची निष्ठा दुहेरी असते. वर्षातील बहुतेक आठवडे तो क्लबचा असतो आणि ठरावीक दिवसांपुरता देशाचा. जागतिक महासंघ, म्हणजे ‘फिफा’, वर्षातून काही वेळा आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी तारखा राखून ठेवतो. त्या काळात क्लबांना आपले खेळाडू राष्ट्रीय संघासाठी मोकळे करावेच लागतात. या तारखांबाहेरच्या स्पर्धेसाठी मात्र तसे बंधन नसते.

याची किंमत भारताने २०२३ साली चुकवली. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धा ‘फिफा’च्या राखीव तारखांत बसत नव्हत्या आणि त्याच सुमारास इंडियन सुपर लीगचा हंगामही सुरू होत होता. क्लब खेळाडू सोडण्यास नाखूश होते. अखेरच्या क्षणी जुळवलेला भारतीय संघ पुरेशा विश्रांतीविना मैदानात उतरला आणि पहिल्याच सामन्यात चीनकडून ५-१ असा पराभूत झाला. क्लब आणि देश या दोघांवर प्रेम करणाऱ्या चाहत्याला अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी, हे कळेनासे होते.

वेल्सचा दाखला

हा पेच आपल्यापुरता नाही. वेल्स हा सुमारे ३१ लाख लोकसंख्येचा छोटा देश. त्याची फुटबॉल संघटना १८७६ सालची, जगातील सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक. तरीही त्याचे कार्डिफ, स्वान्सी, रेक्सहॅम हे मोठे क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतात. वेल्सची स्वतःची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती थेट १९९२ मध्ये. त्यामुळे तेथील चाहता शनिवारी इंग्लंडच्या गुणतक्त्यात आपला क्लब शोधतो आणि राष्ट्रीय सामन्याच्या दिवशी लाल जर्सी चढवून केवळ वेल्सचा होतो. १९५८ नंतर विश्वचषकात पुन्हा पाऊल ठेवण्यासाठी या देशाला २०२२ पर्यंत, म्हणजे ६४ वर्षे वाट पाहावी लागली. मधल्या काळात पिढ्या बदलल्या, पण प्रेक्षक टिकला.

१८६४ साली स्थापन झालेल्या रेक्सहॅम क्लबची कथा तर विशेष बोलकी आहे. आर्थिक संकटांतून गेलेला हा क्लब २०११ मध्ये चाहत्यांच्याच संस्थेने ताब्यात घेऊन चालवला. पुढे २०२० मध्ये तो दोन अभिनेत्यांना विकायचा की नाही, याचा निर्णयही सभासदांच्या मतदानाने झाला. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे क्लबला वरच्या श्रेणीत बढती मिळाली. नव्या मालकांचा पैसा त्यामागे होताच. परंतु तो येईपर्यंत क्लब जिवंत ठेवला तो गावाने.

मुंबईत क्लब येतात आणि जातात

आपल्याकडे नेमकी हीच बाजू लंगडी आहे. मुंबईची फुटबॉल परंपरा थोडीथोडकी नाही. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. २०००-०१ नंतर मात्र ती बंद पडली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, हा संघ गुंडाळण्यात आला. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि त्यानंतर तोही इतिहासजमा झाला. या निर्णयांत चाहत्याला कोणी विचारल्याचे दिसत नाही.

सध्याचा मुंबई सिटी एफसी २०१४ चा. सुपर लीगमध्ये साखळी सामन्यांत अव्वल ठरणाऱ्या संघास ‘शील्ड’ आणि बाद फेरी जिंकणाऱ्यास ‘कप’ मिळतो. मुंबईने २०२०-२१ मध्ये दोन्ही, २०२२-२३ मध्ये शील्ड आणि २०२३-२४ मध्ये कप पटकावला. दैवदुर्विलास असा की, पहिल्या दुहेरी यशाच्या वेळी करोनामुळे सर्व सामने गोव्यात, प्रेक्षकांविना झाले. ज्या क्षणासाठी चाहता सहा हंगाम थांबला, तो त्याला दूरचित्रवाणीवरच पाहावा लागला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २-१ असे नमवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मुंबईने मिळवला.

एवढे यश पदरी असूनही स्थैर्य नाहीच. लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपत आल्याने जुलै २०२५ मध्ये संयोजकांनी पुढील हंगाम स्थगित ठेवला आणि २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय संघाला मडगावात सिंगापूरकडून २-१ अशी हार पत्करावी लागली आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. दिलासा दिला तो महिलांनी. जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ असे हरवून त्यांनी प्रथमच पात्रता फेरीतून आशिया चषकात प्रवेश मिळवला.

प्रेक्षकाचे वजन किती?

अशा परिस्थितीत कर्जतहून जाणाऱ्या एका प्रेक्षकाने काय फरक पडतो, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर अंधेरीच्याच मैदानावर मिळाले आहे. जून २०१८ मध्ये आंतरखंडीय चषक स्पर्धेत भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा धुव्वा उडवला, तेव्हा मैदानात होते केवळ २,५६९ प्रेक्षक. त्यानंतर कर्णधार सुनील छेत्री याने चित्रफितीद्वारे लोकांना मैदानावर येण्याची कळकळीची विनंती केली. आमच्यावर टीका करा, पण ती मैदानात येऊन करा, असा तिचा आशय होता. दोनच दिवसांनी, ४ जून रोजी, केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. छेत्रीच्या त्या शंभराव्या सामन्यात भर पावसात भारताने ३-० असा विजय मिळवला. प्रेक्षक नाहीत असे नव्हते. त्यांना बोलावणारे कोणी नव्हते, एवढेच.

बोलावण्याबरोबर वाटही सोयीची हवी. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही झाला. नकाशावर नेरूळ कर्जतपासून अंधेरीपेक्षा जवळ. पण लोकलने जायचे तर ठाण्याचा वळसा. हाती घेतलेला पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग या वळशावरचा उपाय ठरू शकतो. सुट्टीच्या दिवशी सामना सायंकाळी पाचला सुरू झाला, तर कर्जत-खोपोलीचा प्रेक्षक मुलाबाळांसह येऊन वेळेवर घरी परतू शकेल. असे सामने पूर्वी झालेले आहेत. ते नित्याचे व्हावेत, एवढीच अपेक्षा.

मालक बदलतात, करार संपतात, संघांची नावेही पुसली जातात. रेक्सहॅमला तरले ते गावकऱ्यांमुळे. मुंबईच्या क्लबलाही आपले गाव कुलाब्यापासून खोपोलीपर्यंत पसरलेले आहे, हे ओळखून वेळापत्रक आखावे लागेल. तोपर्यंत शेवटच्या लोकलच्या डब्यात निळी जर्सी घातलेले चार जण नेरळ, भिवपुरी ओलांडताना सामन्याची उजळणी करीत बसलेले दिसले, तर नवल वाटू नये.