पन्नास वर्षे उशिरा आलेले प्रशस्तिपत्र

युद्धाच्या कथा आपण वाचतो त्या बहुधा सेनापतींच्या. ज्यांना बंदूक हाती देण्यासही एकेकाळी नकार मिळाला, त्या साध्या खलाशांची हकीकत सहसा कोणी लिहीत नाही. आज अशीच एक हकीकत वाचकांसमोर ठेवीत आहोत.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा अमेरिकेच्या नौदलात काळ्या माणसाला जवळजवळ एकच दार उघडे होते, ते भटारखान्याचे. गोऱ्या अधिकाऱ्यांना जेवण वाढायचे, त्यांच्या खोल्या झाडायच्या, एवढेच त्याचे काम. तोफ, इंजिन, बिनतारी यंत्र यांना हात लावायची मुभा नव्हती. काळ्यांच्या संघटनांनी सतत आवाज उठविला, तेव्हा १९४२ साली इतर कामांची दारे उघडली.

२० मार्च १९४४ रोजी बॉस्टन येथे 'मेसन' ही युद्धनौका नौदलात दाखल झाली. तिच्यावरचे सुमारे १६० खलाशी काळे होते. कप्तान विल्यम ब्लॅकफोर्ड गोरे होते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी काळ्यांची बाजू घेतली होती, म्हणून टवाळखोर या बोटीला 'एलिनॉरचा खुळेपणा' म्हणत. ही माणसे समुद्रावर टिकणार नाहीत, असेच पुष्कळांना वाटत होते.

त्याचे उत्तर ऑक्टोबर १९४४ मध्ये मिळाले. लहान लहान बोटींचा ताफा घेऊन मेसन इंग्लंडकडे निघाली होती. वाटेत भयंकर वादळ उठले. मेसनच्या डेकला तडा गेला. खलाशांनी भर वादळात तो सांधला आणि मागे राहिलेल्या बोटींच्या मदतीला मेसन पुन्हा धावली. कप्तानाने आपल्या खलाशांना प्रशस्तिपत्र द्यावे, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

या बोटीवर लोरेन्झो दुफो नावाचा खलाशी होता. दिवे व निशाणे दाखवून संदेश देणे हे त्याचे काम. उत्तर आयर्लंडच्या बंदरात उतरल्यावर तिथल्या लोकांनी त्याला व त्याच्या सोबत्यांना 'अमेरिकन' म्हणून हाक मारली. ज्या देशासाठी ते लढत होते, त्या देशात मात्र त्यांच्यासाठी वेगळे डबे आणि वेगळी बाकडी होती!

युद्ध संपले, माणसे घरोघर गेली, म्हातारी झाली. पुढे मेरी पॅट केली या लेखिकेने त्यांना गाठले, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि १९९५ साली पुस्तक काढले. त्याच सुमारास, तब्बल पन्नास वर्षांनी, नौदलमंत्री जॉन डाल्टन यांनी हयात खलाशांना प्रशस्तिपत्र दिले. अनेक सोबती तोवर हे जग सोडून गेले होते. त्यांच्या हाती तो कागद पडला नाही. २००३ साली मेसन हेच नाव घेऊन नवी युद्धनौका नौदलात आली.

शौर्य १९४४ चेच होते, साक्षीदारही हयात होते. उणीव होती ती विचारणाऱ्याची. वाचकहो, आपल्याही घरात किंवा शेजारी १९७१ च्या लढाईला गेलेले एखादे आजोबा असतील. त्यांची जुनी पेटी एकदा मुलांसमोर उघडा. बिल्ले, फोटो, कागद नीट ठेवा आणि ते सांगतील ते वहीत उतरवा. सरकारचा सन्मान यायचा तेव्हा येईल. घरचा सन्मान आजच देता येतो.