एका तळटिपेतले घोष

मीठ पाण्यात विरघळले की ते सगळेच्या सगळे आयनांच्या रूपात जाते. ॲसेटिक आम्लाच्या दशांश मोलर द्रावणात मात्र शेकड्यातल्या जेमतेम एका रेणूचे विचरण होते. एक तीव्र, दुसरे सौम्य. शाळेत हे एका दमात सांगून होते आणि मुले पुढच्या धड्याकडे वळतात. या विधानाच्या पहिल्या अर्ध्या भागावर युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जवळजवळ चाळीस वर्षे भांडत होते. त्या भांडणात कलकत्त्याच्या एका तरुणाने उडी घेतली होती, हे मला पदवी घेऊन बरीच वर्षे लोटल्यावर कळले. तेव्हापासून ज्ञानचंद्र घोष या माणसाने माझी पाठ सोडलेली नाही.

भांडणाचा पहिला अंक सगळ्यांच्या परिचयाचा आहे, म्हणून भराभर सांगतो. १८८४ साली पंचवीस वर्षांच्या स्वांते अऱ्हेनियसने उपसाला विद्यापीठात विद्युतवाहकतेवर प्रबंध दिला. परीक्षकांनी त्याला इतकी खालची श्रेणी दिली की तिथे अध्यापकी मिळण्याची आशाच मावळली. त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशी धाडल्या. रीगाच्या विल्हेल्म ऑस्टवाल्डने पुढे लिहून ठेवले आहे की दाढदुखी, कन्यारत्न आणि हा प्रबंध या तिन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला एकाच दिवशी आल्या. दाढ बरी झाल्यावर तो स्वतः उपसालाला गेला. १८८७ पर्यंत अऱ्हेनियसचे म्हणणे पक्के झाले होते: क्षार पाण्यात पडताच, वीज सोडण्याआधीच, त्याचे आयन सुटे होतात. १९०३ चे नोबेल त्याला मिळाले ते यासाठीच.

पुरावाही भक्कम होता. एक किलो पाण्यात एक मोल साखर घातली तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. विरल द्रावणात मोलमागे मीठ त्याला जवळजवळ दुप्पट उतरवते, म्हणजे एका कणाचे दोन झालेले असतात. उदासिनीकरणाचा पुरावा मला त्याहून देखणा वाटतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, नाहीतर नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या. विरल द्रावणात उष्णता तेवढीच निघते, मोलला साधारण ५७ किलोज्यूल. आम्ल निराळे, आम्लारी निराळी, आणि उष्णता एकच कशी? कारण प्रत्यक्षात घडते ती एकच अभिक्रिया: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचे पाणी होणे. बाकीचे आयन नुसते साक्षीला असतात.

आता दुखण्याची जागा. अऱ्हेनियसच्या मते विचरण अपुरे असते. काही रेणू फुटतात, काही अखंड राहतात आणि दोहोंत समतोल असतो. ऑस्टवाल्डने १८८८ मध्ये या समतोलाला सूत्रात बसवले. द्रावण कितीही विरल केले तरी त्या सूत्रातला स्थिरांक स्थिर राहिला पाहिजे. ॲसेटिक आम्लाच्या बाबतीत तो राहतोही. पोटॅशियम क्लोराइड घ्या आणि पाहा काय होते ते. वाहकतेवरून काढलेले विचरण ०.१ मोलरला ८६ टक्के, ०.०१ ला ९४ आणि ०.००१ ला ९८. सूत्रात हे आकडे घातले की ‘स्थिरांक’ ०.५३ वरून ०.१६ वर आणि तिथून ०.०५ वर घसरतो. दहापट बदलणाऱ्या गोष्टीला स्थिरांक म्हणायला फार मोठे धाडस लागते. ते धाडस वीस-तीस वर्षे नेटाने केले गेले. तीव्र विद्युत अपघटनींची ही ‘विसंगती’ म्हणजे सिद्धांताच्या घरातला न बोलता सांभाळलेला आजार होता.

शंका घेणारे होतेच. डेन्मार्कच्या नील्स ब्येरुमने १९०९ मध्ये म्हटले की क्रोमियमच्या क्षारांची द्रावणे विरल केली तरी त्यांच्या प्रकाशशोषणात फरक पडत नाही, तेव्हा अखंड रेणू तिथे नसावेतच. शेफील्डच्या मिल्नरने १९१२ मध्ये आयनांतल्या ओढाताणीचे गणित अतिशय कष्टाने मांडले. ते इतके किचकट की फारसे कोणी वाचले नाही. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाचा स्फटिक उलगडला, तर तिथे सोडियम क्लोराइडचा ‘रेणू’ सापडेचना. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. इंग्लंडच्या हेन्री आर्मस्ट्राँगला याचा इतका संताप होता की १९२७ मध्येही त्याने ‘नेचर’मध्ये बिचाऱ्या मिठाची कैफियत मांडणारे पत्र छापून आणले. आयनवाद्यांशी त्याचे वैर अर्ध्या शतकाचे.

घोष इथे येतात. प्रेसिडेन्सी कॉलेजात ते मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या बरोबरीचे, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे विद्यार्थी. १९१५ मध्ये एम.एस्सी. होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात शिकवू लागले. बाहेर महायुद्ध चालू होते, उपकरणे तुटपुंजी होती. पण दुसऱ्यांनी मोजून छापलेले वाहकतेचे आकडे आणि कागद-पेन्सिल यांवर काम भागणारा प्रश्न त्यांनी निवडला. १९१८ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची लेखमाला आली तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती.

त्यांचा युक्तिवाद असा. स्फटिकात रेणू नाहीत, तर द्रावणात ते येणार कुठून? तेव्हा विचरण शंभर टक्के. पण आयन सुटे असले तरी मोकळे नाहीत, कारण विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. घोषांनी असे गृहीत धरले की द्रावणातही आयन स्फटिकासारख्याच जाळीत बसलेले असतात, फक्त जाळी ताणलेली असते. मग शेजाऱ्यांतले अंतर संहतीवरून लगेच निघते. पाणी विद्युत आकर्षण सुमारे ऐंशी पटींनी दुबळे करते, तेव्हा शेजाऱ्याला सोडून जायला किती ऊर्जा लागेल तेही निघते. ती ऊर्जा ज्या आयनांपाशी आहे तेवढेच विजेच्या वहनात भाग घेतात. सूत्रात आपल्या सोयीने फिरवता येईल असा एकही आकडा नाही. या गोष्टीसाठी मला या माणसाचा फार आदर वाटतो. ज्याला खोटे पाडणे सोपे आहे असा सिद्धांत मांडायला छाती लागते.

मी हे गणित पोटॅशियम क्लोराइडसाठी करून पाहिले. ०.१ मोलरला शेजाऱ्यांतले अंतर सुमारे २ नॅनोमीटर येते आणि मोकळ्या आयनांचे प्रमाण ८४ टक्के. मोजलेले ८६. फक्त जाळी आणि पाणी यांवरून इतके जवळ! ०.००१ मोलरला घोषांचे उत्तर ९६ आहे आणि मोजलेले ९८. हाही फरक किरकोळ वाटतो, पण तूट पाहिली तर ती दोनऐवजी चार टक्के, म्हणजे दुप्पट. आता गंमत पाहा. या दोन संहतींच्या वाहकतांचे गुणोत्तर घेतले तर घोषांकडून ०.८७ येते आणि प्रयोगातून ०.८८. म्हणजे चूक लपते. ती लपते त्या एका आकड्यात जो कोणालाच थेट मोजता येत नाही: अनंत विरलतेची वाहकता. तो आलेख शून्य संहतीपर्यंत लांबवूनच काढावा लागतो, आणि लांबवताना जो नियम धराल त्याच्या बाजूने तो साक्ष देतो.

घोषांच्या जाळीत सगळे संहतीच्या घनमुळावर अवलंबून असते, कारण कणांमधले अंतर घनमुळाने बदलते. पण फ्रीडरिश कोलराउशने आयुष्य घालवून केलेली मोजमापे विरल द्रावणात वर्गमुळाकडे बोट दाखवत होती. १९२२ मध्ये जेम्स केंडॉलने अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात घोषांच्या सिद्धांताची कसून उलटतपासणी केली. गंमत म्हणजे जुना बंडखोर अऱ्हेनियसही आता पूर्ण विचरणाच्या विरोधातच उभा होता. स्वतःच्या प्रबंधाला मिळालेली श्रेणी तो विसरला असेल असे मला वाटत नाही, पण बंडखोर म्हातारे झाले की बहुधा असेच होते.

१९२३ मध्ये झुरिकच्या पीटर डेबाय आणि एरिक ह्युकेल यांचा तो प्रसिद्ध निबंध आला. पदवीच्या पुस्तकांत त्याचे सूत्र असते, त्याची तळटीप नसते. त्या तळटिपेत डेबाय स्वच्छ सांगतो की या विचाराला चालना मिळाली ती तिथल्या भौतिकी मंडळात बाउर यांनी घोषांच्या कामावर दिलेल्या व्याख्यानामुळे. विचरण पूर्ण आणि अडवणूक विद्युत आकर्षणाची, हे घोषांचे दोन्ही मुद्दे त्याने ठेवले आणि जाळी टाकून दिली. पाण्यातले आयन अखंड धडपडत असतात. ते जाळीत बसणार कसे? डेबायने प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे विरळ आवरण कल्पिले. लग्नाच्या मांडवात वरमाईभोवती जसा घोळका, तसे: घोळका कायम, माणसे बदलती. ०.१ मोलरला या आवरणाची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, ०.००१ ला दहा. ती संहतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि कोलराउशचे वर्गमूळ आपोआप बाहेर पडते. वाहकतेच्या गणितात उरलेली कसर काही वर्षांतच लार्स ऑनसागरने भरून काढली.

घोषांचे पुढे काय झाले? १९२१ मध्ये ते नव्या ढाका विद्यापीठात रसायनाचे प्राध्यापक झाले, १९३९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक, १९५० मध्ये खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे पहिले संचालक. नंतर नियोजन मंडळावर. १९५९ मध्ये ते गेले. संस्था उभारणारा म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिलेले सापडते, आणि त्यात १९१८ च्या सिद्धांताबद्दल एखादे गौरवाचे वाक्य असते. तो टिकला नाही, हे सांगायचे मात्र टाळले जाते. परदेशी पुस्तके उलट टोकाला: चुकीचा म्हणून नावच गाळायचे. मला दोन्ही आळशीपणाच वाटतात. मिल्नरचे गणित बरोबर दिशेचे होते आणि ते पडून राहिले. घोषांचे चुकीचे होते, पण ते इतके सुटसुटीत होते की झुरिकमध्ये त्यावर व्याख्यान देता आले आणि ऐकणाऱ्याला चूक नेमकी कुठे आहे ते दिसले. विज्ञानात ही कामगिरी लहान नव्हे.

घोषांचा मान राखायचा तर त्यांची तसबीर लावण्यापेक्षा त्यांची चूक बी.एस्सी.च्या वर्गात शिकवावी. पोटॅशियम क्लोराइडचे आकडे कुठल्याही तक्त्यात मिळतात. ते एकदा संहतीच्या घनमुळासमोर आणि एकदा वर्गमुळासमोर आलेखाच्या कागदावर मांडायचे, विरल टोकाला रेषा कुठे सरळ राहते आणि कुठे वाकते ते मुलांनीच पाहायचे. मग डेबायचे सूत्र पाठ करायची वेळ येत नाही. ते का हवे होते ते आधीच कळलेले असते.