तिसऱ्याचा हुकूम

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार असल्यामुळे बुधवारच्या दुसऱ्या पाळीला तेथे हातातली कामे निकालात काढण्याची जी लगबग असते, तिच्या ऐन भरात मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या टूलरूममध्ये जाऊन बसलो होतो. ज्याची हयात फळ्यावर खडूने लंबवर्तुळे काढण्यात गेली, त्याला पोलादातले लंबवर्तुळ कसे निघते हे पाहण्याची उत्कंठा वाटावी हे स्वाभाविकच होते. आणि “सर, तुमचा तो धडा आमच्याकडे रोज चालतो,” असे त्याने सांगितल्यापासून ती अधिकच वाढली होती.

काम होते मोटारीच्या पत्र्यात लंबवर्तुळाकृती भोक पाडणाऱ्या एका पंचाचे. लांबी १०० मिलीमीटर, रुंदी ६०. व्हीएमसी या संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या कापयंत्राच्या टेबलावर व्हाइसमध्ये आवळलेला पोलादाचा ठोकळा, त्यावर पडणारी कूलंटची दुधाळ धार आणि वर फिरणारे १० मिलीमीटर व्यासाचे एंडमिल हे कापणारे हत्यार, एवढाच सरंजाम. या यंत्राला सपाटीवरच्या दोनच चाली अवगत, सरळ रेषा आणि वर्तुळाचा कंस. लंबवर्तुळ त्याच्या गावी नाही. ते त्याच्याकडून बारीक बारीक सरळ तुकड्यांनी गिरवून घ्यावे लागते, आणि हे तुकडे कोठे पाडावयाचे यातच सगळी मेख आहे.

फळ्यावर मी जे समीकरण लिहीत असे, त्यात क्ष दिला की वर्गमूळ काढून य मिळवावयाचा असे. त्या रीतीने येथे काम करू गेल्यास काय होते, ते माझ्या विद्यार्थ्याने ड्रॉइंगच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडून दाखविले. क्ष एकेका मिलीमीटरने सरकविला, तर मध्याजवळ य अवघा ०.००६ मिलीमीटर हलतो; परंतु टोकाशी, क्ष ४९ वरून ५० वर जाताना, तोच य जवळजवळ ६ मिलीमीटर खाली कोसळतो, आणि जेथे गोलाई सर्वांत तीव्र तेथेच पंचाला सुळका फुटतो. शिवाय एका क्ष-ला य-च्या दोन किमती, एक वरची व एक खालची. त्यांतली कोणती घ्यावयाची याचा निवाडा समीकरण करीत नाही.

म्हणून यंत्राला दिलेल्या प्रोग्राममध्ये क्ष आणि य यांना एकमेकांच्या ताबेदारीतून मुक्त करून दोघांनाही एका तिसऱ्याच्या हुकमतीखाली आणलेले असते. हा तिसरा म्हणजे प्राचल. मी त्याला ‘त’ म्हणत असे, येथील पोरे प्रोग्राममधल्या त्याच्या चिन्हावरून ‘हॅश वन’ म्हणतात. क्ष म्हणजे ५० गुणिले त-ची कोज्या, य म्हणजे ३० गुणिले त-ची ज्या, आणि त एकेका अंशाने शून्यापासून ३६० पर्यंत. आता टोकाशी पाऊल ०.५२ मिलीमीटरचे पडते, मध्याशी ०.८७ चे, आणि सरळ तुकडा खऱ्या वक्रापासून फार तर दोन मायक्रॉन ढळतो. यंत्राच्या दोन अक्षांच्या दोन मोटरी एकाच कचेरीतील दोन कारकुनांसारख्या असतात: एकीचे दप्तर दुसरी उघडून पाहत नाही, पण वरून आलेल्या एकाच हुकमाची तामिली दोघी आपापल्या परीने करतात आणि त्यातून वळण आपोआप साधते.

तथापि हा तिसरा अंमलदार दिसतो तितका सरळ नाही. त ४५ अंशांवर आला म्हणजे कडेवरचा बिंदूही मध्यापासून ४५ अंशांवर असणार, अशी नवख्या ऑपरेटरची समजूत असते. वास्तविक तो जेमतेम ३१ अंशांवर असतो. दुसरी चूक याहून महाग पडते. हत्याराची त्रिज्या ५ मिलीमीटर, तेव्हा ५० चे ५५ आणि ३० चे ३५ केले की हत्याराच्या केंद्राचा मार्ग मिळाला, असा सोपा हिशेब येथेच पूर्वी एकाने केला होता आणि पंच तिरक्या अंगांनी ०.१४ मिलीमीटर अधिक कापला जाऊन भंगारात गेला होता. कारण लंबवर्तुळापासून सर्वत्र सारख्या अंतरावर चालणारा वक्र हा लंबवर्तुळच नसतो. तो काढण्यासाठी प्रत्येक बिंदूपाशी कडेला लंब असलेली दिशा हवी, आणि ती प्राचलच पुरवितो: क्ष व य यांचे त-सापेक्ष बदलाचे दर घेतले की ती हाती येते, टोकाशीसुद्धा, जेथे चढउताराचे गुणोत्तर काढू जाता शून्याने भागण्याची आपत्ती ओढवते.

येथून चाकणच्या रस्त्याला लागल्यावर ज्या मोटारी दिसतात, त्यांच्या बॉनेटची आणि दारांची वळणे याच विचारातून आलेली आहेत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या आगेमागेच फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो याने आणि रेनॉच्या प्येर बेझिए याने मोटारीचे अंग आकड्यांत बसविण्यासाठी प्राचलिक वक्रांचा अवलंब केला. मागे वळणारा, स्वतःलाच छेदणारा, उभा चढणारा, कसलाही वक्र त्यांत सामावतो.

पंच उतरला. कापडाने पुसून, मापून, त्याने तो माझ्या हातावर ठेवला. कडेवरून अंगठा फिरविला तर कोठेही अडखळला नाही. मला मात्र माझ्या प्रश्नपत्रिका आठवत होत्या. या प्रकरणावर दरवर्षी एक हमखास प्रश्न मी घालीत असे: ‘दिलेल्या समीकरणांतून प्राचलाचा लोप करा.’ त नाहीसा करून जो क्ष आणि य यांचा शुद्ध संबंध मांडील, त्याला पूर्ण गुण. वक्राची आकृती त्या उत्तरात शाबूत राहत असे. पण आरंभ कोठून करावयाचा, कोणत्या दिशेने जावयाचे आणि केव्हा कोठे असावयाचे, हे सगळे त-बरोबरच पुसले जात असे. माझा हा विद्यार्थी त्या प्रश्नात नेहमी अडकत असे, हेही तेव्हाच आठवले. आणि त्याचे कापलेले ते गुण आता कोणत्या खात्यात जमा करावेत, ते मला सुचेना.