दोन जिवांचा दमसास

गाण्याच्या शिकवणीत गुरूचे लक्ष स्वराकडे असते, असे लोक समजतात. खरे म्हणजे ते अगोदर श्वासाकडे असते. आमच्या घराण्यात बडोद्याच्या दरबारची चाकरी होती. शिष्य कोठे श्वास घेतो ते आधी पाहावे, मग तो काय गातो ते ऐकावे, ही वडिलांची पहिली ताकीद. एवढे शिकूनही माझ्या हातून एक चूक झाली. आपल्या जुन्या घरांतून ती अजून होत असेल, म्हणून येथे सांगतो.

ओळखीच्या एका घरातील सूनबाई माझ्याकडे शिकतात. त्यांना पाचवा महिना होता. लांबलचक आलाप एका दमात नेणारी ही मुलगी मुखड्यापाशीच थांबू लागली. "गुरुजी, दम पुरत नाही हो," ती म्हणाली. मी म्हटले, "दोन जिवांची आहेस, दम लागायचाच." तिच्या सासूबाईंनीही तेच सांगितले.

आमचे म्हणणे अर्धे खरे होते. दिवस राहिले की शरीरातील प्रोजेस्टेरॉन वाढते आणि श्वास आपोआप खोल होतो. पोट दिसू लागण्याआधीच काहींना धाप जाणवते ती यामुळे. पुढे गर्भाशय वर चढते. अखेरच्या महिन्यांत श्वासपटल सुमारे 4 सेंटिमीटर वर सरकते आणि खालच्या बरगड्या बाहेर फाकून त्याची भरपाई करतात. काहींचा आवाजही जड होतो, आणि जळजळीने घसा खवखवतो. हे सारे स्वाभाविक आहे.

उरलेले अर्धे मात्र आम्हांला ठाऊक नव्हते. या काळात अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते. पण त्यातील पाण्याचा अंश जितका वाढतो तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत. शिवाय बाळही आपल्या वाट्याचे लोह आईकडूनच घेते. लोह पुरले नाही की रक्तक्षय होतो, आणि त्यानेही दमच लागतो. सूनबाईंची तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन 8 निघाले. गरोदर स्त्रीचे ते 11 च्या खाली नसावे. लोहाच्या गोळ्या घरात होत्या; मळमळते म्हणून त्या डब्यातच राहिल्या होत्या. शिवाय मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, या समजुतीने ताटातली भाकरीही कमी केलेली!

डॉक्टरीणबाईंनी उपचार वाढवून दिले आणि घरच्यांना समजावून सांगितले. गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. मळमळले तर रात्री निजताना घ्यावी, पण बंद करू नये. आपल्याकडे चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस ही गोळी देण्याचा प्रघात आहे. ताटात डाळ, पालेभाजी, दूध असावे, आणि उपासतापास काही महिने बाजूला ठेवावेत.

पहिली तपासणी तिसरा महिना सरण्यापूर्वी व्हावी, आणि एकूण चार तरी व्हाव्यात. रक्तदाब, वजन, लघवी, रक्त आणि धनुर्वाताची लस हे त्यांत येते. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत ही तपासणी विनामूल्य होते.

काही गोष्टींना मात्र "व्हायचेच" म्हणू नये. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, ताप, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर एकाएकी सूज, बाळाची हालचाल मंदावणे, किंवा बसल्याजागी लागणारी धाप, यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

सूनबाई बऱ्या झाल्या. तंबोरा आता मांडीवर नको म्हणून मी तो स्वतः छेडी; त्या खुर्चीवर बसून मंद्र-मध्यात, जमेल तेवढ्याच दमाने गात. सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भाला आवाज ऐकू येऊ लागतो, तेव्हा मला एक नवा श्रोताही लाभला. डोहाळजेवणाला गेलो तेव्हा सासूबाईंनी ओटी भरण्याआधी मला तपासणीचा कागद दाखविला. हिमोग्लोबिन 11 वर आले होते. त्यानंतर कोणी शिष्या "दम पुरत नाही" म्हणाली, की मी आधी विचारतो, "रक्त तपासलेस का?"