सात जणांची रांग

जपानी भुताखेतांचा विषय निघाला की ‘ह्याक्की यग्यो’, म्हणजे शंभर पिशाच्चांची रात्रयात्रा, हिचा उल्लेख हटकून होतो. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिर-परिसरातील शिंजुआन येथील सोळाव्या शतकातली चित्रगुंडाळी तिच्यामुळेच प्रसिद्ध आहे. बाराव्या शतकातील ‘कोंजाकु मोनोगातारिशू’ या कथासंग्रहात एक तरुण सरदार रात्री अशा यात्रेला सामोरा जातो. त्याच्या दाईने अंगरख्याच्या गळपट्टीत एक धारणी शिवून ठेवलेली असते, म्हणून तो वाचतो. ही धारणी मूळ संस्कृतातली ‘उष्णीषविजया’. चीनमार्गे ती जपानात पोहोचली होती.

ही झाली राजधानीतली गोष्ट. खेड्यापाड्यांतल्या मिरवणुका वेगळ्या आहेत. शिकोकू बेटावरील तोकुशिमा भागात मुंडके नसलेल्या घोड्यावरून ‘यग्यो-सान’ फिरतो. तो वाटेत भेटलाच, तर डोक्यावर गवती चपला ठेवून पालथे पडून राहायचे, असा तिथला तोडगा आहे.

त्याच बेटावरील कोची भागातली ‘शिचिनिन मिसाकी’ मात्र याहून भयंकर. ‘शिचिनिन’ म्हणजे सात जण आणि ‘मिसाकी’ म्हणजे इथे अपमृत्यूने गेलेले आत्मे. हे सात जण नेहमी एकत्र हिंडतात. त्यांची गाठ पडलेला माणूस तापाने फणफणून मरतो. तो मेला की सातांपैकी एक सुटतो आणि मेलेला त्याच्या जागी रांगेत उभा राहतो. संख्या सातच राहते.

कोचीत या समजुतीला इतिहासाचा आधार आहे. तोसा प्रांताचा अधिपती चोसोकाबे मोतोचिका याचा थोरला मुलगा लढाईत पडला. तेव्हा मधल्या मुलांना डावलून चौथ्या मुलाला वारस नेमण्याचे त्याने ठरवले. पुतण्या किरा चिकाझाने याने याला उघड विरोध केला. १५८८ साली त्याला पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली आणि त्याचे सात सेवकही मृत्युमुखी पडले. पुढे परिसरात अघटित घडू लागल्याची वदंता पसरली आणि त्यांच्या शांतीसाठी देवस्थान उभे राहिले. कोची शहराच्या हारुनो भागात किरा मंदिर आजही आहे.

किनाऱ्यावर हेच सात जण समुद्रात बुडून मेलेले मानले जातात. म्हणजे नावे आणि कारणे गावागणिक बदलतात, हिशेब मात्र बदलत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला किंवा ज्यांचे क्रियाकर्म कोणी केले नाही, त्यांचे देणे गावावर उरते आणि ते कोणातरी निरपराध वाटसरूकडून वसूल होते. त्यातही सुटका एकाचीच होते, रांग संपत नाही. ती थांबवायची तर मेलेल्यांची आठवण गावानेच ठेवली पाहिजे. चिकाझानेचे देवस्थान त्यासाठीच बांधले गेले.